वीज गेली, वेळ लिहा



आमच्या गेवराईकडच्या शिवारात एका रब्बीत डीपी जळाली. ज्वारी पोटऱ्यात, विहिरीला पाणी, पण मोटार बंद! पाचव्या दिवशी वीज आली, तोवर रान भेगाळले होते. भरपाई मागायला गेलो, तर साहेबांचा पहिलाच प्रश्न : "तक्रार कधी नोंदवली?" मी वायरमनला पारावर सांगून मोकळा झालो होतो. कागद काहीच नव्हता. हात हलवीत परत आलो.

भरपाई म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 57 मध्ये तो हक्क आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या 2005 च्या विनियमांत खेड्यातील डीपीसाठी 48 तासांची मुदत होती. त्यापुढे दर तासाला 50 रुपये. म्हणजे 96 तासांनी वीज आली, तर जादा 48 तासांचे 2400 रुपये. पुढे 2014 व 2021 साली नवे विनियम आले. म्हणून अर्ज करताना चालू दर व मुदत विचारून घ्यावी.

हिशेब मात्र तक्रारीच्या वेळेपासून. तेव्हा 1912 वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या किंवा कार्यालयात लेखी अर्ज देऊन प्रतीवर शिक्का व तारीख घ्या.

मग घरात एक वही घाला. हे काम लेकीसुनांकडे द्यावे. त्या नेटके करतात. वीज गेल्याची तारीख व वेळ, तक्रार क्रमांक, कोण पाहून गेले, वीज आल्याची वेळ, एवढे त्याच दिवशी लिहावे. ठरलेले भारनियमन वेगळ्या पानावर लिहावे, बिघाडात मिसळू नये. त्या रात्री हवामान कसे होते, तेही टिपावे. कारण पूर, वादळ, वीज पडणे अशा कारणांसाठी कंपनीला सूट मिळू शकते. आभाळ निरभ्र असेल, तर तसे लिहावे. जळालेल्या डीपीचा मोबाईलवर फोटो काढावा, वीजबिल जोडावे.

अर्ज लांबवू नये. 2005 च्या विनियमांत वीज आल्यापासून 60 दिवसांनंतरचा दावा घेत नसत. दाद लागली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल. एका डीपीवरच्या सगळ्यांनी आपापला अर्ज द्यावा. तारखा-वेळा जुळल्या, की म्हणण्याला बळ येते.

पेरणीची तारीख आपण लिहून ठेवतोच. त्याच वहीत ही वेळही लिहा.