जुने होऊ न देण्याचे काम

एखादी वस्तू नव्याने निर्माण करणाऱ्याचे कौतुक सर्वत्र होते. तीच वस्तू पुढे दहा-वीस वर्षे वापरण्याजोगी ठेवणाऱ्याचे नाव मात्र सहसा कोणी विचारीत नाही. संगणकाच्या क्षेत्रात हा अन्याय फारच ठळकपणे दिसतो. विद्यार्थ्यांस संगणक शिकविताना आपण त्यांस नवी आज्ञावली लिहावयास सांगतो, तिला गुण देतो आणि वर्ष संपताच ती विसरून जातो. लिहिलेली आज्ञावली चालू कशी ठेवावयाची, तिच्याभोवतीचे जग बदलत असता तिला त्या जगाशी जुळवून कसे घ्यावयाचे, हा विषय वर्गात निघतच नाही. संगणक-शिक्षणातील ही मोठी उणीव आहे असे माझे मत आहे, आणि त्यासाठी मी येथे एकच उदाहरण घेणार आहे. ते म्हणजे ‘फ्रीबीएसडी’ या प्रणालीचा पोर्ट-संग्रह.

संगणकाचा सर्व कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली असते, तीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1969 साली जन्मलेल्या युनिक्सची एक शाखा कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे वाढली. तिच्याच वंशात 1993 मध्ये फ्रीबीएसडी उदयास आली. ती कोणासही विनामूल्य घेता येते, तिचे अंतरंग वाचता येते आणि बदलताही येते. या प्रणालीचा गाभा तिचे स्वतःचे कार्यकर्ते सांभाळतात. परंतु माणसास रोज लागणारी साधने, म्हणजे वेब ब्राउझर, पत्रव्यवहाराची, चित्रांची, हिशेबाची साधने, ही बाहेरच्या असंख्य लोकांनी आपापल्या सोयीने लिहिलेली असतात. ती या प्रणालीवर नीट चालावीत म्हणून 1994 साली जॉर्डन हबर्ड यांनी पोर्ट-संग्रहाचा पाया घातला. आज त्यात 30,000 हून अधिक पोर्ट आहेत.

पोर्ट म्हणजे प्रत्यक्ष आज्ञावली नव्हे. ती तयार करण्याची कृती होय. घरातील जुन्या वहीत एखाद्या पक्वान्नाची कृती लिहिलेली असावी, तसेच हे आहे. मूळ साहित्य कोठून आणावयाचे, आधी कोणते अन्य जिन्नस सिद्ध असावे लागतात, मुळात कोणती किरकोळ दुरुस्ती करावयाची आणि तयार झालेला माल कोठे मांडावयाचा, हे सर्व त्यात लिहिलेले असते. शिवाय ‘डिस्टइन्फो’ नावाच्या छोट्या फाईलमध्ये मूळ साहित्याचा आकार आणि त्याची गणिती खूण नोंदविलेली असते. वाटेत कोणी त्या साहित्यात एक अक्षर जरी बदलले, तरी खूण जुळत नाही आणि काम तेथेच थांबते. ज्यांस स्वतः रांधण्याची हौस नाही, त्यांच्यासाठी याच कृतींवरून आयती पॅकेजेसही तयार केलेली मिळतात.

एवढी व्यवस्था असता अडचण कोठे येते? ती येते काळाच्या ओघामुळे. कृतीत सांगितलेले मूळ साहित्य त्याचा लेखक बदलत असतो. एका पोर्टवर दुसरे अवलंबून असते, त्यावर तिसरे. चित्रे उघडणारा एखादा सामाईक भाग बदलला की त्यावर विसंबणारी शंभर साधने पुन्हा तयार करावी लागतात. एखादे मागे राहिले तर ते दुसऱ्या दिवशी सुरूच होत नाही, आणि वापरणारा म्हणतो, “काल तर हे चालत होते!” खरे आहे. काल ते चालत होते, कारण कालपर्यंत त्याच्याखालची जमीन हललेली नव्हती.

अशा एक-दोन अनुभवांनंतर पुष्कळ लोक एका निर्णयाप्रत येतात: जे चालत आहे त्यास हात लावू नये. कित्येक सुशिक्षित घरांत आणि कार्यालयांत हेच शहाणपण मानले जाते. माझा विरोध आहे तो मुख्यतः यासच. हात न लावलेला संगणक जसाच्या तसा राहतो, हा भ्रम आहे. त्यातील दोष कालही होते. फरक एवढाच की आज ते जगास ठाऊक झाले आहेत. 7 मार्च 2017 रोजी ‘अपाची स्ट्रट्स’ या साधनातील एक गंभीर दोष त्याच्या कर्त्यांनी जाहीर केला आणि दुरुस्त आवृत्तीही दिली. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीत ती दुरुस्ती सर्व यंत्रांवर झाली नाही. मे महिन्यात चोर त्याच वाटेने आत शिरले आणि सुमारे 14 कोटी 70 लक्ष माणसांची खाजगी माहिती बाहेर गेली. दुरुस्ती तयार होती, विनामूल्य होती. ती बसविण्याचे कंटाळवाणे काम तेवढे राहून गेले होते.

येथे कोणी विचारील की, मग नवे आले रे आले की डोळे मिटून घ्यावे काय? तसेही नाही. 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या संक्षेपाच्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या नव्या आवृत्त्यांतच एक चोरदरवाजा बसविलेला होता. ते साधन सांभाळणारा गृहस्थ एकटा व थकलेला होता. त्यास मदत करण्याच्या मिषाने एक अज्ञात इसम दोन-अडीच वर्षे गोड बोलून विश्वासात आला होता. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले, त्याने त्याचे कारण शोधले, आणि मार्चच्या अखेरीस हे कारस्थान उघडकीस आले. फ्रीबीएसडीच्या तेव्हा चालू असलेल्या प्रकाशित आवृत्त्यांत जुनीच एक्सझेड होती. शिवाय परक्याची बांधणीची साधने जशीच्या तशी न घेण्याची तिची रीत असल्यामुळे ती या संकटातून सुटली. या दोन घटना एकमेकींविरुद्ध आहेत असे वरवर वाटते. मला मात्र दोहोंत एकच गोष्ट दिसते: पहिल्या ठिकाणी लक्ष देणारा माणूस नव्हता, दुसऱ्या ठिकाणी होता, पण एकटा पडला होता.

तेव्हा अद्ययावत ठेवणे म्हणजे कळ दाबणे नव्हे, ते वाचन आहे. पोर्ट-संग्रहात ‘अपडेटिंग’ नावाची एक साधी मजकुराची फाईल असते, आणि माझ्या दृष्टीने सबंध संग्रहातील ती सर्वांत मोलाची वस्तू आहे. तारीखवार नोंदी, सर्वांत ताजी नोंद सर्वांत वर. प्रत्येक नोंदीत हा बदल कोणास लागू आहे हे प्रथम सांगितलेले असते, मग काय बदलले आणि काय करावे ते. भाषा रूक्ष असते, पण एक शब्द वावगा नसतो. उदाहरण घ्यावयाचे तर ‘पोस्टग्रेस’ या माहितीसाठ्याच्या साधनाचे घ्या. त्याची मोठी आवृत्ती बदलली की जुन्या आवृत्तीने लिहिलेली माहिती नवी आवृत्ती थेट उघडीत नाही. माहिती आधी बाहेर काढून ठेवावी लागते किंवा रूपांतराची वेगळी आज्ञा चालवावी लागते. शाळेची दहा वर्षांची निकालपत्रके अशा साठ्यात असतील, तर आधी वाचणारा आणि न वाचणारा यांच्यात केवढे अंतर पडेल याची कल्पना करावी. ज्यांस हे वाचन कंटाळवाणे वाटते, त्यांनी औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचतानाही कंटाळा करावा काय?

आणि हे वाचन थोडे थोडे व वारंवार करावे. आमच्याकडे पाऊस लागण्यापूर्वी घराची कौले परतून घेतात. ज्या घरी चार वर्षे कोणी वर चढले नाही, तेथे मग कौलांबरोबर रीपही बदलावे लागतात. पंधरवड्याने संग्रह अद्ययावत करणाऱ्यास दोन-तीन नोंदी वाचाव्या लागतात. दोन वर्षांनी करणाऱ्यास शेकडो, आणि त्यांतील एखादी नोंद अशा साधनाविषयी असते जे आता अस्तित्वातच नाही. पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ 1 जानेवारी 2020 रोजी तिच्या कर्त्यांनी थांबविला, आणि तिच्यावर विसंबणारे पोर्ट पुढे एकामागून एक संग्रहातून काढले गेले. ज्यास फार हालचाल सोसत नाही, त्याच्यासाठी 2014 पासून दर तिमाहीस एक शाखा वेगळी काढतात. तीत मुख्यतः सुरक्षेच्या व बांधणीच्या दुरुस्त्या येतात. ही शाखा आणि ताजी शाखा यांची खिचडी तेवढी करू नये. तसेच ‘पीकेजी ऑडिट’ ही आज्ञा आपल्या यंत्रावरील कोणत्या साधनांत दोष जाहीर झाले आहेत हे क्षणात सांगते. संगणक असलेल्या प्रत्येकाने ती आठवड्यातून एकदा तरी चालवावी.

गंमत अशी की, अद्ययावत ठेवण्याची साधनेही जुनी होतात. प्रारंभी संग्रहाचे नवे बदल ‘सीव्हीएस’ आणि ‘सीव्हीसप’ यांच्या द्वारे आणीत असत. मग कॉलिन पर्सिव्हल यांचे ‘पोर्टस्नॅप’ आले. ते बदल सुरक्षित रीतीने आणून देई आणि कित्येक वर्षे सर्वांच्या हाती रुळले. संग्रहाची मूळ नोंदवही 2012 मध्ये ‘सबव्हर्जन’ या साधनाकडे गेली, 2021 च्या एप्रिलमध्ये ‘गिट’कडे गेली, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या 14.0 या आवृत्तीतून पोर्टस्नॅपही नाहीसे झाले. तरीही जुनी पुस्तके व टिपणे वाचून पोर्टस्नॅपची आज्ञा देणारे आणि यंत्र ऐकत नाही म्हणून रागावणारे लोक आहेत. यंत्राचा यात दोष नाही. आपली विद्याही त्या संग्रहातलीच एक वस्तू आहे, हे ते विसरलेले असतात.

आता त्या माणसांविषयी, ज्यांच्यामुळे हे सर्व चालते. प्रत्येक पोर्टच्या कृतीत एक ओळ त्याच्या मेंटेनरची, म्हणजे सांभाळ करणाऱ्याची असते. त्यांतील पुष्कळांस या कामाचा एक पैसाही मिळत नाही. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की हा माणूस ती उतरवून घेतो, बांधून पाहतो, खूण बदलतो, बिघडले असेल ते दुरुस्त करतो आणि बदल पाठवितो. कोणी त्यात दुरुस्ती सुचविली तर त्यास उत्तर देण्यासाठी दोन आठवडे मिळतात. तोवर तो गप्प राहिला तर अन्य अधिकारी कार्यकर्ते ती स्वीकारू शकतात. नियम कठोर वाटेल, पण मला तो आवडतो. एखादी जबाबदारी आपल्या नावे लावून घ्यावी आणि तिजकडे पाहूही नये, ही जी आपल्या सार्वजनिक कामांतील जुनी खोड आहे, तिला येथे थारा नाही.

ज्या पोर्टला कोणी सांभाळणारा उरलेला नाही, त्याच्या त्या ओळीत व्यक्तीच्या नावाऐवजी सर्वांचा सामाईक पत्ता असतो. असे पोर्ट थोडेथोडके नाहीत. कोणी लक्ष दिले नाही, दोष साचले किंवा ते बांधता येईनासे झाले, की त्यावर मुदतीची तारीख पडते आणि त्या तारखेनंतर ते काढून टाकले जाते. या संग्रहात जपानी, चिनी, कोरियन, रशियन, व्हिएतनामी अशा भाषांच्या नावांचे स्वतंत्र विभाग आहेत. मराठीच्या नावाचा विभाग नाही. त्या भाषांच्या लोकांनी आपापली साधने आणून ठेवली आणि सांभाळली, म्हणून त्यांचे विभाग उभे राहिले. कोणी ते देणगी म्हणून दिले नाहीत. देवनागरी अक्षरवळणे, मराठी शब्द तपासणारे कोश यांसारख्या वस्तू आपणही वापरतो. त्या उद्याच्या संगणकावर चालतील की नाही, हे पाहणे कोणाचे काम आहे?

म्हणून माझी सूचना अशी की, वरच्या वर्गांतील मुलांस प्रात्यक्षिकाच्या तासास एक नवी आज्ञावली लिहावयास सांगण्याबरोबरच बेवारशी पडलेले एक लहानसे पोर्टही हाती द्यावे. नवी आवृत्ती आली आहे काय हे पाहणे, कृतीतील आकडा बदलणे, खूण नव्याने घेणे, बांधणी यशस्वी होते का ते तपासणे, आणि झालेला बदल कार्यकर्त्यांकडे पाठविणे, एवढेच काम. त्यासाठी लागणारी मार्गदर्शिका विनामूल्य उपलब्ध आहे आणि जुना संगणकही पुरतो. पाठविलेला बदल पहिल्या खेपेस बहुधा परत येईल. अमुक ओळीत मोकळी जागा अधिक पडली आहे, तमुक नोंद राहिली आहे, असे कोणी दूरदेशीचा अनोळखी माणूस सभ्यपणे लिहील. मुलाने ते वाचावे, दुरुस्त करावे आणि पुन्हा पाठवावे. या कामास किती गुण द्यावयाचे ते शिक्षकांनी ठरवावे. नव्या आज्ञावलीपेक्षा कमी देऊ नयेत, इतकेच माझे म्हणणे आहे.