जिनिंगचे बेअरिंग आणि ग्रीसचा डबा

दसरा-दिवाळीच्या सुमारास जळगाव, धरणगाव, बोदवड, जामनेरपासून धुळे, दोंडाईचापर्यंत जिनिंगची चाके फिरू लागतात. कापसाचा भाव, ओलावा, रुईचा उतारा यांवर मालक-व्यापाऱ्यांत तासन् तास बोलणे होते. बेअरिंगमध्ये कोणते ग्रीस भरायचे, हा प्रश्न मात्र ज्याच्या हातात ग्रीसगन असेल त्याच्यावर सोडून दिलेला असतो. दुकानात जो डबा स्वस्त मिळाला, तो सगळ्या यंत्रांना चालतो. खानदेशातल्या कारखानदारीतली ही जुनी बेपर्वाई आहे आणि तिची किंमत नव्या बेअरिंगपुरतीच राहत नाही.

जिनिंगमधल्या आगीची कारणे अनेक: तारांची जोडणी सैल होणे, कापसाबरोबर आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा ठिणगी पाडणे, पट्टा घसरून तापणे. तापलेले बेअरिंग हे त्यातलेच एक. पण बहुतेक वेळा ते आधी इशारा देते. आवाज बदलतो, बेअरिंगचे घर तापते, ग्रीस पातळ होऊन ओघळते. तेवढ्यात कोणी लक्ष दिले नाही, तर भोवती साचलेली तूस पेटायला वेळ लागत नाही. रुईची आग वरून विझल्यासारखी दिसली तरी आत धुमसत राहते. ठिणगी दाबल्या गेलेल्या गाठीत शिरली, तर ती गोदामात गेल्यानंतर बऱ्याच वेळाने डोके वर काढते.

आपल्याकडचे डबल रोलर जिन फोन्स मॅकार्थी या अमेरिकन माणसाने 1840 मध्ये पेटंट घेतलेल्या रोलर जिनच्या घराण्यातले. चामड्याच्या चकत्यांचा रोलर रुई ओढतो आणि हलते पाते सरकी झटकून खाली पाडते. रोलर मिनिटाला सुमारे शंभर फेरे घेतो, तर पाते हलवणारा शाफ्ट हजाराच्या आसपास. म्हणजे एकाच यंत्रात एक बेअरिंग सावकाश फिरत दाब सोसते आणि दुसरे वेगाने फिरत झटके खाते. दोघांना डोळे झाकून एकच वंगण देणे कसे चालेल?

वंगणाची निवड भार, वेग, उष्णता आणि भोवतालचा कचरा या चार गोष्टींवर ठरते. मासे धरण्याच्या गळाच्या रिळातले इवलेसे बेअरिंग बघा. गळ फेकताना त्यावर भार जवळजवळ नसतो आणि ते मोकळे फिरायला हवे असते, म्हणून तिथे पातळ तेलाचा एखादा थेंब पुरतो. जाड ग्रीस भरले तर फेक आखूड पडते. जिनच्या शाफ्टला तेच पातळ तेल दिले, तर ते गळून जाईल आणि तूस आत जायला वाट मोकळी होईल. ग्रीसमध्ये वंगणाचे काम मुख्यतः तेलच करते. साबणासारखा घट्ट पदार्थ ते तेल जागेवर धरून ठेवतो आणि कडेला राहून कचऱ्यालाही अडवतो. म्हणून नुसते ‘नंबर 2’ विचारून भागत नाही. तो आकडा ग्रीस किती घट्ट आहे एवढेच सांगतो. आतले तेल किती जाड, हे वेगळे विचारावे लागते: सावकाश आणि भाराच्या जागी जाड, वेगाच्या जागी त्याहून पातळ.

रंगावरून पारख करण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. लाल, निळा, हिरवा हा केवळ रंग असतो. साधे कॅल्शियम ग्रीस शंभर अंशांच्या आसपासच वितळते, लिथियमचे साधारण 180 अंशांपर्यंत तग धरते. अर्थात तेवढ्या उष्णतेत रोज चालवायचे असे नव्हे. तापमान 70 अंशांच्या वर गेले की पुढच्या प्रत्येक 15 अंशांमागे ग्रीसचे आयुष्य साधारण निम्मे होते. शिवाय दोन जातींची ग्रीसे एकत्र झाली, तर कधी मिश्रण पातळ होऊन वाहून जाते, कधी घट्ट होऊन बसते. डबा बदलायचा असेल तर बेअरिंग उघडून, धुऊन, वाळवून नवे ग्रीस भरावे. इंजिनातून काढलेले काळे तेल तर मुळीच नको. त्यात काजळी असते आणि झिजलेल्या धातूचा चुराही असतो.

सर्वांत जास्त नुकसान होते ते प्रेमाने. ‘भरपूर भर, म्हणजे बघायला नको’ असे म्हणत सीलमधून बाहेर येईपर्यंत गन दाबली जाते. बेअरिंगच्या घरातली मोकळी जागा एक तृतीयांश ते निम्मी भरली की सामान्यतः पुरे. ठासून भरलेले ग्रीस घुसळले जाते, त्या घुसळणीनेच तापते, सील फोडते. बाहेर आलेल्या ग्रीसला तूस चिकटते आणि बेअरिंगभोवती तेलकट कापसाची जाड गादी तयार होते. उष्णता बाहेर जाण्याची वाट बंद होते आणि पेटायला सामान तयार असते. त्यातला डाग रुईत गेला, तर पुढे सूतगिरणीत तक्रार येते ती वेगळीच. कापसातली भेसळ-घाण कमी करून जिनिंग सुधारावे, म्हणून 2000 साली केंद्राने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यातून नवी यंत्रे आली, फरसबंदी आवारे झाली. ग्रीसगन धरणाऱ्या हाताला शिकवण्याकडे मात्र तेवढे लक्ष गेले नाही.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याची पहाट एक आकडी तापमानाची असते आणि यंत्र थंड ग्रीसवर सुरू होते. हंगाम लांबला तर मार्चमध्ये जळगावचे ऊन पत्र्याच्या शेडला भाजून काढते. मधल्या पावसाळ्यात यंत्रे उभी राहतात, ओल आत शिरते, गोळ्यांवर गंज धरतो. तो गंज नवे ग्रीस भरून जात नाही. म्हणून उघडून पाहण्याचे काम हंगामाच्या आधी, सप्टेंबरमध्येच उरकायला हवे.

नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. पण हंगामी ऑइलमनला कामावरून सोडून तिथे कोण पाठवणार? जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी हंगामापूर्वी दोन-तीन दिवसांचे वर्ग घ्यावेत, जिनिंग मालकांच्या संघटनांनी त्याचा खर्च आणि त्या दिवसांची मजुरी द्यावी. प्रत्येक बेअरिंगला क्रमांक, प्रत्येक जागी ठरलेले एकच ग्रीस, किती आणि कधी दिले याची वही, आणि पाळीला एकदा तापमान मोजण्याचे साधे यंत्र. एवढे करायला नवी मशीनरी लागत नाही, आणि येत्या हंगामापासूनच ते सुरू करता येईल.