रोपांचा फिकटपणा आणि जमिनीचे तापमान

गंगेच्या मैदानात भाताची कापणी लांबली, की गव्हाची पेरणी डिसेंबरात जाते. धुक्याच्या दिवसांत वाढणारी ही रोपे फिकट दिसू लागताच बहुधा युरियाची गोणी फोडली जाते. हा उपाय पुष्कळदा अकाली ठरतो. कारण तेथे उणीव खताची नसून जमिनीतील उष्णतेची असू शकते.

अन्नद्रव्य जमिनीत असणे आणि ते रोपाला मिळणे, या भिन्न गोष्टी आहेत. स्फुरद मुळांपर्यंत मुख्यतः विसरणाने, अत्यंत मंद गतीने पोहोचतो. जमीन थंडावली की ही गती आणखी घटते, मुळांची वाढ रेंगाळते आणि त्यांची शोषणक्षमताही कमी होते. पानांवर जांभळट छटा उमटू शकते. अमोनियमचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू १० अंश सेल्सिअसखाली फार संथ होतात. दुपारी ऊन पडून हवा तापली, तर पाने वाढू पाहतात. मुळे मात्र गारठलेलीच राहतात.

म्हणून पीकसल्ला केवळ हवेच्या तापमानावर बेतणे पुरेसे नाही. कृषी हवामान वेधशाळांत जमिनीचे तापमान ५, १० व २० सेंटिमीटर खोलीवर नोंदले जाते. त्यांपैकी ५ सेंटिमीटरची नोंद पेरणीच्या हंगामात गावपातळीवरील सल्ल्यात यावयास हवी. विस्तार कार्यकर्त्यांजवळ साधा मृदा-तापमापक असणेही अवघड नाही.

थांबल्याने नत्राची खरी कमतरता दुर्लक्षित राहील, हा आक्षेप रास्त आहे. तथापि, काही दिवस स्वच्छ ऊन पडल्यावर नवी पाने हिरवी येऊ लागली, तर दोष थंडीचा होता असे मानण्यास आधार मिळतो. फिकटपणा टिकून राहिला, तर माती परीक्षण अहवाल पाहून खतमात्रा ठरवावी.

खरा उपाय मात्र पेरणीपूर्वीच योजावा लागतो. स्फुरद पेरणीच्या वेळीच बियाण्याच्या किंचित खाली पडावा. मागाहून वरून फेकलेला स्फुरद मुळांना फारसा लाभत नाही. पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना दिले जाणारे पहिले पाणी हलके असावे. भातानंतर शून्य मशागतीने पेरणी केल्यास वाचणारे दिवस रोपांना उबदार जमीन मिळवून देतात. हा लाभ युरियाच्या जादा गोणीने मिळत नाही.