गोधडीला 'ब्लॉक' नसतो

गोधडीवर मराठीत हळवे लेखन उदंड झाले. आईची माया, आजीची ऊब, सुरकुतलेले हात: ऐवज ठरलेला, गहिवरही ठरलेला. आम्हांस त्याचा वीट आला आहे. तितकाच वीट आला आहे तो शहरांतून 'पारंपरिक गोधडी ब्लॉक' शिकवण्याच्या नव्या हौसेचा. पहिल्या प्रकारात हात दिसतात, टाका दिसत नाही. दुसऱ्यात टाका दिसतो, पण तो कोणाचा हे कोणी विचारत नाही.

मुळात 'ब्लॉक' ही कल्पनाच येथे परकी आहे. अमेरिकी क्विल्टमध्ये चौकटी आधी स्वतंत्र शिवतात, त्या जोडून वरचा थर करतात, मग मध्ये कापूस आणि खाली अस्तर घालून तिन्ही थर टाचतात. जोडकाम वेगळे, टाचकाम वेगळे. धाराशिवच्या वाडीवस्तीवरची वाकळ अशी घडत नाही. जुन्या लुगड्याधोतरांचे थर जमिनीवर अंथरायचे, सुरकुती राहू नये म्हणून कडांवर वजन ठेवायचे आणि वर चिंध्या मांडत धावदोरा घालत जायचे. तुकडा बसवणारा टाका तोच, थर बांधणाराही तोच. ओळी बहुधा कडेने फिरत फिरत आत येतात. पुढचा तुकडा कोणता, हे शिवणारी त्या त्या वेळी ठरवते. (काही घरी वरचा थर आधी मशीनवर जोडून घेतात, हे खरे, पण त्याला तेथे कोणी ब्लॉक म्हणत नाही.) नव्या कापडाच्या चौकटी पट्टीने कापून, इस्त्री करून, कागदावरच्या आकृतीबरहुकूम जोडल्या, की हा निर्णय तिच्या हातून गेला. खुशाल शिवा तसे. फक्त त्याला परंपरा म्हणू नका.

आता कापडाविषयी. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सुती लुगडे सुईला सहज आत घेते आणि घाम टिपते. आज गाठोड्यातून निघते ती सिंथेटिक साडी. ती लवकर विरत नाही, म्हणून तशी मऊही पडत नाही. तिचे थर एकमेकांवरून घसरतात, सुईखाली गोळा होतात. जाणती बाई ती रंगापुरती वर लावते आणि सुती काही मिळालेच तर पोटात घालते. 'आजकालच्या सुनांना वेळ नाही' हे रडगाणे म्हणूनच खोटे आहे. सुना नव्हे, सूत गेले. याच जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथून जाडेभरडे कापड आणि मलमल भडोचच्या बंदराकडे जात असे, असे पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात नोंदले आहे. त्या मुलखात वाकळीच्या पोटात घालायला सुती धडपा शोधावा लागावा, यावर मात्र कोणी गहिवरत नाही.

यावर हमखास येणारे उत्तर असे: शहरी मागणीमुळे बायकांना चार पैसे मिळतात, तुमचे काय जाते? मिळावेतच. पण चारच का? मजुरी नगावर ठरते. दाट टाक्यांची वाकळ आणि विरळ टाक्यांची वाकळ एकाच भावात मोजली, तर दाट टाका का घालावा? अलाबामातल्या जीज् बेंडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, त्या शिवणारणींच्या नावांसह. तरीही पैशाच्या वाट्याचा वाद २००७ साली कोर्टात गेलाच. आपल्याकडे नावाचाच पत्ता नाही. 'ग्रामीण महिलांनी बनवलेली' एवढ्यावर भागते. ग्रामीण महिला हे काय कोणाचे नाव आहे?

उस्मानाबादेत २०२० साली ९३वे साहित्य संमेलन भरले. त्या निमित्ताने या भागाच्या मातीचे गोडवे पुष्कळ गाइले गेले. ज्यांना गोधडीवर पुढची कविता लिहायची असेल, त्यांनी आधी एक वाकळ उलटी करून पाहावी, वीतभर जागेतले टाके मोजावेत, आणि ती शिवायला किती दिवस लागले व त्याचे किती मिळाले, हे तिच्या मालकिणीला नव्हे, शिवणारणीला विचारावे.