जुनी गाडी, नवे इंजिन



जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने मोटारींबद्दल काय लिहावे, असे काहींना वाटेल. पण आमच्या नात्यात सध्या याच विषयावर दोन तट पडले आहेत आणि दोन्हीकडचे लोक 'आता तुम्हीच सांगा' म्हणून मला फोन करतात. प्रत्येकाला वेगळे सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

कॅलिफोर्नियातल्या माझ्या पुतण्याकडे १९७२ सालची डॅटसन २४०झेड आहे. तिचे मूळ इंजिन काढून त्याला तिथे आरबी२६ नावाचे इंजिन बसवायचे आहे. निस्सानने ते १९८९ मध्ये स्कायलाइन जीटी-आर या गाडीसाठी आणले. एक पक्ष म्हणतो, हा ठेवा आहे, हात लावू नये. दुसरा म्हणतो, गाडी त्याची, पैसा त्याचा, आपण कोण? सूनबाईंची काळजी मात्र निराळी. ती म्हणते, "काका, एवढ्या वेगाने हा धड घरी येईल ना?"

आधी गाडीबद्दल थोडे. ही गाडी १९६९ मध्ये जपानात 'फेअरलेडी झेड' या नावाने आली. योशिहिको मात्सुओ यांच्या चमूने तिचा आकार घडवला. अमेरिकेत निस्सानचे काम पाहणारे युताका कातायामा यांना ते नाव पसंत नव्हते, म्हणून तिथे ती '२४०झेड' झाली. नावातले २४० म्हणजे तिचे २.४ लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन. किंमत सुमारे साडेतीन हजार डॉलर, वजन जेमतेम एक टन आणि ताकद, कंपनीच्या आकड्यानुसार, १५१ अश्वशक्ती. महागड्या युरोपियन गाड्यांची ऐट मध्यमवर्गीय माणसाला परवडू लागली, हे तिचे खरे कर्तृत्व.

आता 'मूळ ते पवित्र' म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. यातले मूळ नक्की कोणते? १९६९ मध्येच निस्सानने याच सांगाड्यात तीन प्रकारची इंजिने बसवली. जपानसाठी दोन लिटरचे, अमेरिकेसाठी २.४ लिटरचे आणि 'झेड ४३२' या खास गाडीत तर चक्क त्या वेळच्या स्कायलाइन जीटी-आरचे. ४३२ म्हणजे दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, तीन कार्ब्युरेटर आणि दोन कॅमशाफ्ट. म्हणजे झेडमध्ये जीटी-आरचे इंजिन घालण्याचा उद्योग कारखान्यानेच आधी करून ठेवला आहे. पुतण्या तीच परंपरा पुढे चालवतो आहे म्हणा ना! शिवाय आरबी२६ हेही एका ओळीत सहा सिलिंडरचेच आहे, त्यामुळे घराण्याचा सूर तोच राहतो. लोक यात अमेरिकन व्ही-८ देखील बसवतात. ते हलके आणि सोयीचे असेलही, पण मला तो सोयीचा संसार वाटतो, त्यात गोत जुळत नाही.

म्हणून माझे मत असे की इंजिन बदलायला हरकत नाही. पण काम दिसते तितके सोपे नाही. जीटी-आर चारही चाकांवर चालते, त्यामुळे तिच्या इंजिनाच्या तेलाच्या भांड्यातच पुढच्या चाकांचा डिफरन्शियल गुंतलेला असतो. झेड मागच्या चाकांवर चालते. म्हणजे ते भांडे बदला, वेगळा गिअरबॉक्स शोधा, सगळे वायरिंग नव्याने करा. आणि खरी मेख पुढेच आहे. आरबी२६ ची कागदावरची ताकद २८० अश्वशक्ती, म्हणजे जवळजवळ दुप्पट. सांगाडा मात्र पन्नास वर्षांपूर्वीचा, गंजाला पटकन बळी पडणारा. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. मूळ १५१ अश्वशक्तीसाठी केलेल्या या सगळ्यावर नुसती ताकद लादणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीच्या गाडीला जुंपणे. सूनबाईंचा प्रश्न म्हणूनच सगळ्यांत शहाणा आहे.

दुसरी गोष्ट, कापाकापी करू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. शेकडो हस्तलिखितांतून एक पाठ निवडला, पण नाकारलेले पाठभेद फेकून दिले नाहीत, ते तळटीपांत जपले. उद्या कोणाला वेगळा निर्णय घ्यावासा वाटला तर वाट मोकळी आहे. गाडीचेही तसेच करावे. नवे इंजिन बोल्टांवर बसवा, पत्रा कापू नका. जुने इंजिन तेल लावून, झाकून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवा. या गाडीच्या बॉनेटखाली एक छोटी पट्टी असते, तिच्यावर मूळ इंजिनाचा क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकाचे इंजिन घरात असेपर्यंत ती पट्टी खोटी ठरत नाही.

यात व्यवहारही आहे. या पिढीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या, तरी गंजाने खूप खाल्ल्या. जानेवारी २०२० मध्ये एक अस्सल, जपलेली २४०झेड लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली. अशी गाडी किंवा एखादी झेड ४३२ हाती आली असती, तर मी 'हात लावू नकोस' हेच म्हटले असते. पुतण्याच्या गाडीची जमीन आधीच एकदा गंजून बदललेली आहे. तिला संग्रहालयात बसवण्यापेक्षा रस्त्यावर धावू द्यावे.

तेव्हा चिरंजीव, काकांचा होकार समजा. फक्त ब्रेकचे बिल आधी भरा आणि इंजिनाचे नंतर.

मंडळी, तुम्हाला काय वाटते तेही कळवा.