सोसा आणि प्रार्थना करा?

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्चला जो जनसमुदाय लोटतो, त्याच्यापुढे संकटकाळी येशूवर भरवसा ठेवण्याची गोष्ट काढणे धाडसाचेच. इथला पूर्वपक्ष तयार आहे आणि तो सणसणीत आहे. १९२७ साली बाबासाहेबांनी या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते कोणत्या देवाला साकडे घालून नव्हे. पुढे ख्रिस्ती धर्मांतरितांविषयी लिहिताना मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचे श्रेय त्यांनी दिले, पण बोटही नेमक्या जागी ठेवले. दुःखाचे मूळ आदिपापात आहे असे एकदा शिकवले, की भोवतीच्या समाजाला जाब विचारायचे कारणच उरत नाही. धर्मांतरित माणूस हक्कांसाठी संघटित होत नाही, ही त्यांची तक्रार होती.

यातले बरेचसे मला मान्य आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाडची बाजारपेठ पुराखाली होती आणि त्याच संध्याकाळी जवळच्या तळीये गावावर दरड कोसळली. मृत आणि बेपत्ता मिळून ८०हून अधिक माणसे गेली. अशा घरातल्या माणसाला ‘तुमचा विश्वास कमी पडतो, म्हणून झोप लागत नाही’ असे सांगणारा प्रचारक कोणत्याही पंथाचा असो, तो क्रूर आहे. त्या माणसाला डॉक्टर हवा, पक्के घर हवे, तलाठ्याचा पंचनामा हवा. प्रार्थनेच्या जोरावर गोळ्या बंद करा म्हणणाऱ्यांशी तर मी वाद घालत नाही. त्यांच्यासाठी पोलीस ठाणे आहे.

पण एवढ्यावरून ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे मुकाट सोसण्याची दीक्षा, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी बायबल उघडलेले दिसत नाही. स्तोत्रसंहितेत स्तुतीइतकीच गाऱ्हाणी आहेत. देव झोपला आहे काय, असे विचारण्यापर्यंत भक्ताची मजल जाते. ईयोबाचे मित्र त्याच्या हालांचे खापर त्याच्याच पापावर फोडतात, आणि शेवटी देवाचा राग होतो तो या मित्रांवर. येशूसुद्धा वधस्तंभावर, मला का टाकलेस, असे देवालाच विचारतो. देवाशी भांडायला जिथे मुभा आहे, तिथे सरकारशी, सावकाराशी, जातीशी भांडायचे नाही हा नियम कोणी घातला? मला तर तो शास्त्रापेक्षा सोयीचा वाटतो. गप्प बसलेली मंडळी कोणत्याही संस्थेला सांभाळायला सोपी जातात.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८७०च्या दशकात दुष्काळ आणि उपासमारीत आईवडील आणि बहीण गेली, १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये पती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुःखाने खचलेल्या बाईला धर्माने गुंगी दिली असे कोणाला म्हणायचे असेल, तर पुढची कहाणी पाहावी. बाप्तिस्म्याच्या वेळी पाठीशी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशीच त्यांनी पत्रांतून वर्षानुवर्षे वाद घातला, कारण चर्च सांगते म्हणून मानायचे हे त्यांना पटेना. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावला मुक्तिसदन उभे केले. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. १८९७मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची काय गत होते, हे त्यांनी मुंबईच्या ‘बाँबे गार्डियन’मध्ये उघड लिहिले. तो प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. राज्य ख्रिस्ती लोकांचे होते, म्हणून बाईंनी लेखणी आवरली, असे झाले नाही. १९२१मध्ये एकुलती मुलगी मनोरमा वारली, एप्रिल १९२२मध्ये त्या स्वतः. मधल्या महिन्यांतही त्यांचे बायबलच्या भाषांतराचे काम चालूच होते. ही गुंगी असेल, तर तिच्यातून कामे फार झाली.

आणि महाडचाच दाखला. १९२७च्या त्या २० मार्चला तळ्यावरून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला झाला, तेव्हा चिडलेल्या लोकांना बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही. तक्रार नोंदवली, हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. तळ्याचा दिवाणी दावा मार्च १९३७पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे लढवला. डोके थंड ठेवणे आणि मान खाली घालणे यांतला फरक या गावाने पाहिलेला आहे. श्रद्धेने माणसाला पहिली गोष्ट दिली, तर तिच्यावर दुसरीचा आळ का?

तरीही पूर्वपक्षाचा एक मुद्दा माझ्या हातून सुटत नाही. चर्चच्या दारातून जातही आत आली, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६मध्ये त्यांत शीख आले, १९९०मध्ये बौद्ध. ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेर आहे. त्याच्या घरातल्या विवंचनेचे कारण हे आहे, आणि त्याच्यासाठी रविवारच्या उपदेशात काय असते? सरकारकडे मागणी करताना चर्च मोठ्या आवाजात बोलते. स्वतःच्या कमिट्यांतल्या आणि लग्नसंबंधांतल्या जातीविषयी तोच आवाज का बसतो, याचे उत्तर रमाबाईंच्या चरित्रातून देता येत नाही. ते आजच्या पाळकांनी आणि बिशपांनी द्यायचे आहे.