शेजारचं पोट्टं आणि मायबापाची चिठ्ठी

तोडणीच्या चिठ्ठीशिवाय उसाला कोयता लागत नाही. पण पंढरपूर-शेगावला निघताना शेजारचं पोट्टं सोबत घेतो, तेव्हा त्याच्या मायबापाची चिठ्ठी कोणी मागतं का? जिवावर बेतलं अन् पालकांना विचारायला वेळच नसला, तर भारतीय न्याय संहिता, २०२३ चं कलम ३० डॉक्टरला मोकळीक देतं. अडतं ते मोडलेल्या हाताशी. बारा वर्षांखालच्या लेकरासाठी कलम २७ पालकाप्रमाणेच, ज्याच्याकडे ते रीतसर सोपवलं त्याचीही संमती मानतं. पण सोपवलं हे परगावच्या डॉक्टरला कसं कळावं? ‘आपल्याआपल्यात कसला कागद’ म्हणून लाजू नये. माझ्या मते चिठ्ठीशिवाय पोर नेऊच नये. वहीच्या पानावर लिहा: लेकरू कोणासोबत, किती दिवस, उपचाराला संमती, न चालणारं औषध, मायबापाच्या सह्या, फोन नंबर. आपल्या भागात सिकलसेल आहे. त्याचं कार्ड असेल तर तेही सोबत द्या.